पुरणाला नाही म्हणताना

श्रावण जवळ आला की मला भीती वाटायची. हसू नका, पण हळदीकुंकवाच्या कोयरीची भीती. गुरुवारी दिवेलागणीला कुणीतरी कोयरी घेऊन दारात उभी राहायची, माझ्या कपाळाला कुंकू टेकवायची आणि म्हणायची, "काकू, उद्या आमच्याकडं सवाष्ण म्हणून जेवायला यायचं." एकदा कुंकू लागलं की मग कसलं नाही नि काय.

आता सोलापुरात आमच्या गल्लीत सवाष्णी काय कमी आहेत? पण तरण्या पोरी नोकरीला जातात. कुणाला दुपारी सुट्टी नाही, कुणाचं डाएट. पिकल्या केसांची, मालक धडधाकट असलेली आणि दिवसभर घरात सापडणारी अशी मीच. आमचे हे रेल्वेत होटगीला होते, रिटायर होऊन बसले तरी सकाळी फिरायला जातात, दात सगळे स्वतःचे. तब्येत यांची चांगली आणि पुरण मात्र मी खायचं! मी यांना म्हणायची, "तुमच्या आयुष्याचा मान आहे तो, तुम्हीच जाऊन बसा की पाटावर." हे म्हणायचे, "बोलवू दे, लगेच जातो."

बरं, सवाष्णीचं जेवण म्हणजे चार घास खाऊन उठले असं नसतं. पाय धुतात, पाटाभोवती रांगोळी काढतात, ओटी भरतात. ताटात पोळी, त्यावर तुपाची धार, वाटीत गुळवणी, कटाची आमटी, भजी, कुरडई. सवाष्णीनं ताटात टाकायचं नाही. ती उठल्याशिवाय घरातल्या कुणी तोंडात घास घालायचा नाही. पोरंटोरं दारातनं डोकावत असतात, हिचं कधी होतंय म्हणून. आणि वाढणारी म्हणत असते, "घ्या की काकू, देवी जेवतीया, तुमी न्हाय." मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला हेच शिकवलं होतं. सवाष्णीनं नको म्हणायचं नसतं, नको म्हटलं की त्या घराला लागतं. मी ते इतकं मनात धरलं की माझ्या तोंडाला नको हा शब्दच येईना. आखाडात तळण, श्रावणातले शुक्रवार, भादव्यात गौरी, मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार. वर्ष कसं पुरणातनं पुरणात जायचं.

आणि मला साखर. रक्तातली.

साखरेचंही मी काही मनावर घेतलं नसतं. गोळ्या होत्या, घेत होते. पण डोळ्यांत मोतीबिंदू आला. उजव्या डोळ्यात जास्त. आता माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं जे काही शिकले ते किराणा बांधून आलेल्या कागदांवर, जुन्या अंकांवर, वाचनालयातनं हे आणून द्यायचे त्या पुस्तकांवर. दुपारी भांडी झाली की वाचायला बसायचं, तेवढा एक वेळ माझा स्वतःचा. तोच गेला. पान उघडावं तर दुधात पडलेल्या मुंग्यांसारखी अक्षरं. हे वाचून दाखवायला बसायचे, पण दुसऱ्या पानावर यांचाच डोळा लागायचा.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण, बोलायला गोड. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "आजी, एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर डोळाच जाईल. आधी साखर उतरवा." त्यांच्याकडं एक तपासणी आहे, ती म्हणे मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगते. चहाडखोर! मी आपली दोन दिवस भाकरी-भाजी खाऊन शहाण्यासारखी गेले होते, तर तिनं सगळ्या पोळ्या सांगितल्या.

तो श्रावण लागला तेव्हा मी एक अक्कल चालवली. शुक्रवारी दोन घरचं आमंत्रण होतं. मी म्हटलं, दोन घरं म्हणजे गोड दुप्पट, मग गोळीही दुप्पट घेऊ. सकाळीच दोन गोळ्या घेतल्या. वर, जेवायला जायचंय म्हणून नाश्ताही केला नाही. केवढा हिशोबी विचार वाटला मला तो!

पहिलं घर समोरच्याच बाईंचं. पाटावर बसले, ओटी भरली, पण नैवेद्य दाखवायचा तर त्यांचे मालक अजून यायचे होते. ताट वाढून समोर. मी वाट बघत बसले. थोड्या वेळानं मला घाम सुटला. मग हात थरथरायला लागले. मग सगळं अंगच हलायला लागलं, अंबाडा सुटला, आणि मी बसल्या जागी डुलायला लागले. मला सगळं ऐकू येत होतं, पण जीभ वळत नव्हती.

कुणीतरी ओरडलं, "अगं बाई! अंगात आलं की वो!"

"कापूर आना, कापूर!"

"केसं बांदू नका, तसंच ऱ्हाऊ द्या!"

समोरच्या बाईंनी तर माझ्या पायावर डोकंच ठेवलं. "आई, काय चुकलं गं आमचं? काय पायजे तुला?"

मी सगळा जीव गोळा करून म्हटलं, "गोड... गोड द्या."

"आई नैवेद्य मागतीया!" झालं, मालकांची वाट बघणं संपलं. तिघीचौघींनी मिळून माझ्या तोंडात गूळ घातला, गुळवणी पाजली, पोळी कुस्करून भरवली. जीव वाचला माझा. डोळ्यापुढचा अंधार जरा कुठं सरतोय तोवर बाईंनी विचारलं, "आई, माझ्या पोराचं लगीन कधी जमंल?" मुलगा मुली बघून बघून कंटाळलेला. मला आपलं घरी जाऊन पडायचं होतं. मी म्हटलं, "व्हईल की, लवकर व्हईल."

जिला कुणाला नाही म्हणता येत नाही तिला देवी केलंत तर ती दुसरं काय म्हणणार, सांगा!

आणि त्या मुलाचं पंधरवड्यात जमलं. गल्लीत मी कोण झाले असेन याचा विचार करा. कोयऱ्यांची रांग लागली. पलीकडच्या पेठेतनं बायका आल्या. अक्कलकोट रस्त्याकडनं एक कानडी बोलणारी म्हातारी आली, तिनं "अव्वा, अव्वा", म्हणजे आई, आई म्हणत माझे पायच सोडले नाहीत. मी प्रत्येकीला सांगत होते, "अहो, मला साखरेची चक्कर आली होती." त्या म्हणायच्या, "व्हय व्हय, देवी आसंच म्हनती." देवी कुणाच्या अंगात येत असेल तर येवो, त्यावर बोलणारी मी कोण. पण माझ्या अंगात त्या दिवशी फक्त दोन गोळ्या होत्या.

डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलं तर गोड बोलणारा तो माणूस पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मग शांत होऊन म्हणाला, "आजी, आता दिवाळीपर्यंत बघतो. मोती जास्त पिकला तर काढायला अवघड जाईल. ऑपरेशन मी करतो, पण ताट तुमच्या हातात आहे." ताट माझ्या हातात! माझं ताट आजवर माझ्या हातात कधी होतं?

हे म्हणाले, "मी सांगतो सगळ्यांना, तिला जमणार न्हाय म्हणून."

"तुम्ही नका सांगू. नवऱ्याला पुढं केलं म्हणतील."

"मग तू सांग."

"सांगते की," म्हटलं, आणि खोटं बोलायला लागले. गौरीच्या वेळेला सगळ्यांना सांगितलं, मी नातेपुत्याला माहेरी चाललेय. यांनी बाहेरनं कुलूप लावलं आणि गेले फिरायला. मी आत, खिडक्या लावून, दिवा न लावता. किती छान, म्हटलं, एक दिवस सुटले. भूक लागली म्हणून सवयीनं डाळीचा कुकर लावला. तिसरी शिट्टी झाली आणि बाहेरनं आवाज आला, "काकू! वो काकू! कुलपात शिट्टी वाजतीया की तुमच्या!" समोरच्याच बाई. मी गॅस बंद करून भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर दोघी-तिघी जमल्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मलाही हसू येत होतं आणि रडूही. स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहायचं, कशासाठी? तर एक पोळी नको म्हणता येत नाही म्हणून.

त्या दिवशी ठरवलं, खोटं बोलायचं नाही. सरळ सांगायचं. ठरवलं खरं, आणि तीनच आठवड्यांत बार्शीहून वन्संचा फोन आला.

माझी नणंद म्हणजे यांची थोरली बहीण. मी त्यांना लई मानते. मी नवी नवरी होते तेव्हा भाकरी थापताना माझी फुटली की सासूबाईंच्या नजरेआधी ती उचलून आपल्या ताटात घेणारी बाई. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "अगं, सून सुखरूप सुटली तर सवाष्ण जेवू घालीन म्हनून नवस बोलले हुते. नवरात्रातल्या शुक्रवारी कर म्हंत्यात. तूच सवाष्ण. आन तुज्या अंगात आई येती म्हनं? नातवाच्या डोक्यावर हात ठेव जरा."

आणि माझ्या तोंडानं, मला न विचारता, म्हटलं, "येते की वन्सं."

फोन ठेवला. शुक्रवारनंतरच्या सोमवारी माझं रक्त तपासायचं होतं. भादव्यापासून कसंबसं सांभाळलं होतं, एका दुपारनं तीन महिन्यांचं गणित बिघडतं असं नाही, पण मी मला ओळखत होते. वन्संकडं एकदा बसले की दोन पोळ्यांच्या चार होणार, मग प्रसादाचा डबा सोबत येणार, मग इथल्या बायका म्हणणार, नणंदेकडं जेवली ती आमच्याकडं का नाही. धरणाला भोक पडल्यासारखं झालं असतं.

दोन दिवस तळमळले. मग एक गोष्ट लक्षात आली, ती साधीच आहे, पण मला एवढं आयुष्य लागलं ती कळायला. नाही म्हणायचं तर पुरण शिजायच्या आधी म्हणायचं. वाढलेल्या ताटावर बसून नको म्हटलं की तो अपमान. आधी सांगितलं तर समोरच्याला दुसरं काही करता तरी येतं. म्हणून मी बुधवारीच सकाळच्या एसटीनं बार्शीला गेले. एकटी. बस कुठली ते कंडक्टरला विचारून बसले, बोर्ड दिसत नव्हता.

वन्सं ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. शुक्रवारचीच हरभऱ्याची डाळ. "आज कशी गं?" म्हणाल्या. सुनेनं पाणी दिलं. मी पाणी प्यायले, आणि जीभ पुन्हा गोड बोलायच्या आत सांगून टाकलं, "वन्सं, मी शुक्रवारी येणार, ओटी घेणार, पण पुरण खाणार न्हाय. माझं डोळ्याचं ऑपरेशन हाय. आन माझ्या अंगात देवी-बिवी न्हाय, साखर उतरली हुती ती."

वन्संचा हात सुपातच थांबला. "एवडं न्हाय म्हनायला बार्शीपतूर आलीस?"

"व्हय. फोनवर माझं तोंड नुसतं व्हय म्हणतंय, म्हणून."

सून आत निघून गेली. मग वन्सं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तुला बोलीवत्यात, तर तुला नको झालंय. हे गेल्यापासनं मला कुनी पाटावर बसीवलं न्हाय. माज्याच घरात ओटी भरायला सून म्होरं, मी मागं भिताडाला. तुला काय कळायचं."

माघार घ्यावी असं अगदी ओठावर आलं होतं. राहू दे, खाते, एक दिवसानं काय होतंय. पण बोलले नाही. नुसतंच बसायचं कसं म्हणून त्यांचं सूप ओढून मी डाळ निवडायला लागले. खडे काढून बाजूला, खडे काढून बाजूला. वन्सं बघत होत्या. मग एकदम माझा हात धरला.

"अगं, काय करतीस? डाळ टाकतीस आन खडं ठेवतीस!"

मी बघितलं. मला दिसलंच नाही, बघून काय. बोटांनी चाचपलं तेव्हा कळलं. बाजूला काढलेली सगळी चांगली डाळ होती.

"कवापासनं दिसंना?" वन्संचा आवाज बदलला.

"वर्ष झालं असंल."

"आन वाचतीस कसं?"

"न्हाय वाचत."

मी वाचते म्हणून पूर्वी त्याच मला चिडवायच्या, आमच्या भावाला मास्तरीण मिळाली म्हणायच्या. मग रागावल्या, पण निराळ्या रागानं. "मग आदी का न्हाय बोललीस? मी आपली तूप वाडतीय वाडतीय, आन तू मान डोलवतीस. मला वाटायचं, हिला आवडतंय! दर वर्साला तुज्यासाटी तूप राखून ठिवते मी, सुनेला सुदिक देत न्हाय!"

आतनं सुनेचा आवाज आला, "बघा मामी, ऐका तुमीच!"

आम्ही तिघी हसलो. मला इतकं हलकं वाटलं की त्या ओसरीवरच आडवं व्हावं.

शुक्रवारपर्यंत मला त्यांनी जाऊ दिलं नाही. शुक्रवारी देवीपुढं पुरणाचा नैवेद्य झाला. माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, बिनगुळाची आमटी, कांदा. वन्संनी विचारलं, "नखभर परसाद?" मी म्हटलं, "नखभर." तेवढाच दिला, मोजून नखभर, आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. नाहीला नाही म्हणून ऐकणारं माणूस समोर असलं की नाही म्हणणं किती सोपं असतं!

मला वाटलं, आता आपणही काहीतरी करावं. पाटावर बसले आणि म्हटलं, "वन्सं, शेजारी पाट मांडा. तुम्ही बसल्याशिवाय मी घास घेणार न्हाय." मला लई मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

वन्सं म्हणाल्या, "न्हाय बसनार. तुजं 'न्हाय' मी ऐकलं, आता माजं ऐक. गुडगं वाकत न्हाईत माजं. पाट कुनाला पायजे? खुर्ची आन गं सूनबाई." आणि माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत ताट मांडीवर घेऊन बसल्या. पुरणपोळी त्यांनी खाल्ली. दोन. मला दाखवून दाखवून.

सोलापूरला आल्यावर एकेकीला सांगितलं. दारात कोयरी दिसली की कुंकू लागायच्या आधीच बोलायचं: "ओटीला येते, हळदीकुंकवाला येते, जेवणार नाही. साखर आहे." बहुतेकजणी म्हणाल्या, "बरं काकू." एवढंच! एक तर म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, आमच्या सासूबाईंना पण साखरच आहे, त्यांचंही पुरण बंद करते." समोरच्या बाई मात्र रागावल्या. माझ्यामुळं पोराचं जमलं ही त्यांची श्रद्धा, आणि मी साखर-साखर करत त्यावर पाणी ओतते असं त्यांना वाटलं. लग्नाला बोलावलं, पण बोलल्या नाहीत. अजून नीट बोलत नाहीत. आधी मला झोप आली नसती याच्यानं. आता येते. वाईट वाटतं, पण झोप येते.

सोमवारच्या तपासणीत साखर मापात बसली. पूर्ण उतरली नव्हती, पण डॉक्टर म्हणाले, चालेल. दिवाळीच्या तोंडावर उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा डॉक्टर दिसले, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरेच थोराड निघाले. मिशी पांढरी! मी तरुण तरुण म्हणत होते.

रिक्षानं घरी निघालो. काळा चष्मा लावायचा होता, तरी त्याच्या कडेनं मी बाहेर बघत होते. चादरींचं दुकान, शेंगाचटणी मिळेल, इथे शिलाई मशीन दुरुस्त होईल, दुचाकी लावू नये, खोली भाड्याने देणे आहे. सगळं मोठ्यानं वाचत होते. जाहिराती, नंबर, भिंतीवरच्या सूचना.

हे म्हणाले, "बास की आता. डॉक्टरनं डोळ्याला ताण देऊ नका म्हणून सांगितलंय."

रिक्षावाला आरशातनं बघत हसला. "पढने दो ना मामू. बहुत दिनां के बाद दिखरा उनको."

"दमली म्हणजे थांबेल," हे म्हणाले, आणि रिक्षा सिग्नलला उभी राहिली तेव्हा त्यांनीच बोट करून एक बोर्ड दाखवला. "ते बघ. ते बारीक अक्षर येतंय का वाचायला?"

आलं की. दुपारी एक ते चार दुकान बंद राहील, असं लिहिलं होतं. खाली आणखी बारीक अक्षरात होतं, कृपया आग्रह करू नये.